तुटका दोर आधी दाखवा

माझ्या दुकानात एक नियम होता. दोर तुटला म्हणून नवा घ्यायला आलात, तर तुटलेला आधी दाखवायचा. दाखवला नाही तर मी नवा देत नसे. मालवणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं जाळी, दोर, गऱ्या आणि शिशाच्या गोळ्या विकण्याचं दुकान होतं. सकाळी सातला गिऱ्हाईक उभं असे आणि त्यातलं निम्मं या नियमाला शिव्या घालत असे. "दोर घेवक इलंय रे भाऊ, पोस्टमार्टेम करूक नाय," असं एक गृहस्थ मला दर खेपेला सुनवायचे. मी म्हणायचो, पोस्टमार्टेम केल्याशिवाय पुढचाही असाच जाणार.

नियम उगाच नव्हता. दोर कशानं तुटला हे त्याचं टोक सांगतं. टोकाला केसांसारखं बारीक केसर निघालं असेल तर दोर दगडाला किंवा बुंध्याला घासला. सरळ, सुरीनं छाटल्यासारखं असेल तर माशानं कापला. टोकाजवळचा हातभर भाग ताणून पातळ झाला असेल, तर दोर माशाच्या वजनाला पुरा पडला नाही. आणि टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं झालं असेल, तर दोर तुटलेलाच नाही, गाठ सुटली. पहिल्या तीन प्रकारांत मी दुसरा दोर द्यायचो. चौथ्या प्रकारात दोर न देता गाठ शिकवायचो, आणि त्याचा लोकांना फार राग यायचा. दोर वाईट निघाला असं म्हणण्यात कमीपणा नसतो.

समुद्रावर जाणाऱ्यांना माझी फारशी गरज नव्हती, ती पिढ्यान् पिढ्यांची माणसं. मला खरी गंमत यायची ती गोड्या पाण्यात गरवणाऱ्यांची. गरी, म्हणजे गळ, टाकून मासे पकडणं म्हणजे गरवणं. नदी, तळं, धरण, कोंड अशा ठिकाणी मोठे शिकारी मासे असतात आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, त्यामुळे प्रत्येकाचा दोरही वेगळा. लोकांना वाटतं मोठा मासा म्हणजे जाड दोर. तसं असतं तर मी दुकानात सुंभ ठेवला असता आणि पाय वर करून बसलो असतो.

मरळीचं घ्या. मरळ दिसायला सापासारखी, राहते शेवाळात आणि कमळाच्या देठांत. गरी गिळली की आधी देठांत शिरते. तिथं दोर जाडच हवा, कारण तिला वीतभरसुद्धा सोडायचं नसतं, ओढून बाहेर काढायचं असतं. गढूळ पाण्यात तिला दोर दिसतही नाही. आचऱ्याच्या बाजूला एक एसटी कंडक्टर ड्यूटी संपवून मरळीमागे जायचे. त्यांना बारीक दोराचा सोस. "भाऊ, मासो हुशार असता, जाड दोर बगता." मी सांगून थकलो की मरळीला बघायला वेळच नसतो, ती आधी खाते आणि मग विचार करते. पाच वेळा त्यांनी शेवाळ लागलेलं, ताणून पातळ झालेलं टोक आणून दिलं. सहाव्या वेळी माझा दोर घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी खाकी गणवेशातच, कागदात गुंडाळलेली मरळ घेऊन दुकानात हजर. बाहेर एसटी उभी, आतून प्रवासी ओरडताहेत. मरळ मला दाखवल्याशिवाय गाडी सुटणार नव्हती.

वाम वेगळी. ती गरी लागली की मागे सरकत बिळात जाते आणि स्वतःभोवती गिरक्या घेते. एकेरी दोर तिच्या गिरक्यांनी पिळून निकामी होतो, तिला पीळदार जाड दोर लागतो आणि मनगटाचा धीर लागतो. आणि चोणक म्हणजे या सगळ्यांचा राजा. वर रायगडकडे त्यालाच जिताडा म्हणतात. जन्म खाडीच्या तोंडाशी, पण पावसाळ्यात पुराबरोबर नदीत चढतो आणि गोड्या पाण्यात मजेत राहतो. त्याला मोठे दात नाहीत. त्याचं हत्यार गालांवर असतं. कल्ल्यांवरच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते, आणि गरी लागली की तो पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो ते बरोबर दोर त्या कडेवर यावा म्हणूनच, अशी माझी पक्की समजूत आहे.

एक पुण्याचे डॉक्टर तारकर्लीला येऊन राहायचे. त्यांनी एकदा वेणीसारखा विणलेला परदेशी दोर आणला. सुतासारखा बारीक, ओढून ओढून तुटेना. मला म्हणाले, "भाऊ, तुमच्या तंगुसाचे दिवस भरले." तंगूस म्हणजे आपला साधा नायलॉनचा एकेरी दोर. मी म्हटलं, काठीला रीळ असेल तर ठीक, हातानं गरवताना हा वापरू नका, याला ताण म्हणून नाही. तंगूस ताणतो, माशाचा झटका निम्मा तो खातो, निम्मा तुमच्याकडे येतो. वेणीचा दोर सगळा झटका थेट बोटाला देतो. डॉक्टर हसले. तिसऱ्या दिवशी तर्जनीला पट्टी बांधून आले आणि निमूटपणे तंगूस घेऊन गेले. स्वतःच टाके घातले होते म्हणे, डाव्या हातानं. माणूस जिद्दीचा, मला आवडायचा.

हे सगळं मी मोठ्या ऐटीत सांगतोय खरं. माझी ऐट मला जिथं नडली तेही सांगायला हवं, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती जाहिरात होईल, आणि दुकान तर केव्हाच दुसऱ्याला देऊन टाकलं.

नाताळीनबाय माझ्या दुकानात पहिल्यांदा आली ती एका सोमवारी, मार्च संपत आला होता तेव्हा. साठी ओलांडलेली, किरकोळ बांध्याची ख्रिस्ती बाई, झगा पोटऱ्यांपर्यंत, हातात झाकणाचा पत्र्याचा डबा. मालवणपासून तासाभरावर नदीकाठी तिचं गाव. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगी गोव्यात दिलेली. आल्या आल्या म्हणाली, "भाऊ, म्हशीक बांधतत तेवढो जाड दोर दी."

"म्हशीसाठी?"

"म्हशीक कित्याक? चोणकाक."

मी तिला स्टुलावर बसवलं आणि चहा मागवला. मग तिनं सांगितलं ते असं. तिच्या घराखाली नदीत एक खोल डोह आहे, त्याला खालची कोंड म्हणतात. वाडीतल्या बायका तिथं कपडे धुतात. खाली बंधारा घातलेला, त्यामुळे पावसाळ्यात चढलेला मासा उन्हाळ्यात तिथंच अडकतो. त्या वर्षी तिच्या बदकांची चार पिल्लं एकामागून एक गेली. मग एक दिवस दाजीची बायको चादर पिळत असताना पाणी जोरात उसळलं आणि चादर हातातून सुटली. ती "सुसर! सुसर!" करत धावत घरी गेली. तेव्हापासून एकही बाई कोंडीवर उतरेना. दाजी म्हणजे वाडीतला भातगिरणीवाला, आवाजानं आणि अंगानं सगळ्यांत मोठा. त्यानं पुरुषांची बैठक घेतली आणि ठरवलं की कोंडीत तोटा टाकायचा.

तोटा म्हणजे दगडाच्या खाणीत वापरतात ती सुरुंगाची दारू. पाण्यात टाकली की लहानमोठं सगळं पोट वर करून तरंगतं. बारीक चिंगळं आणि माशांची पिल्लंसुद्धा उरत नाहीत. कायद्यानं बंदी आहे, आणि ती कुणी पाळत नाही हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

"सुसर खंयची?" नाताळीनबाय म्हणाली. "तो चोणक आसा. पाठ बगलंय मी तेची, फाटेच्या पारार, उजाडताना. ह्यांका सांगलंय तर हसाक लागले. म्हणतत, समुद्राचो मासो आमच्या गोड्या पाण्यात कित्याक मराक येतलो? तेंका सुसर नुसती निमित्ताक होई. सगळे मासे फुकट गावतत मां."

"मग?"

"मग मी म्हटलंय, माका आयताराक सकाळपर्यंत वेळ दिया. तो चोणक काढून दाखयतंय. नाय गावलो तर टाका तुमचो तोटो." तिनं चहाची कपबशी खाली ठेवली. "दाजी म्हणालो, बरां. तेका ठावक आसा, मी म्हातारी बाई काय करतलंय. भाऊ, माझ्या घरची कढी ह्या कोंडीर चलता. कोंड गेली तर मी खंय जाव?"

ती वर्षानुवर्षं हातानं गरवायची, पण लहान मासे. एवढा मोठा तिनं कधी धरला नव्हता. मला भयंकर हुरूप आला. सगळं ज्ञान पाजळायला असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही.

मी तिला समजावलं. म्हशीचा दोर नको. मार्चमध्ये कोंडीचं पाणी नितळ असतं, तळाचा दगड दिसतो, जाड दोर चोणकाला लांबून दिसेल. शिवाय जाड दोर ताठ असतो. त्याच्या टोकाला लावलेलं जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी, मोकळं पोहत नाही, काठीला बांधल्यासारखं लटकतं. तेव्हा मुख्य दोर मध्यम, फिकट रंगाचा, भरपूर ताणणारा. आणि गरीच्या जवळ फक्त हातभर जाड तंगूस, कल्ल्याच्या कडेसाठी. लांबी साठ वाव (वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होतं तेवढं अंतर), कारण चोणकाला धरून ठेवायचं नसतं, पळू द्यायचं असतं. मी पत्र्याच्या पेटीतून नवं रीळ काढलं. शोकेसमधलं देत नसे, उन्हानं तंगूस कुजतो. दहा-बारा वाव दोर गालावरून फिरवून कुठे खाच आहे का बघितलं. मग तिच्या मनगटाला दोन वेढे देऊन तिला ओढायला लावलं. तिनं असा ओढला की मी काउंटरवर आपटलो. तेव्हाच तिच्याविषयी माझं मत चांगलं झालं.

आता गाठ. मी सोमवार पाळतो. त्या दिवशी मासळी खायची नाही आणि तिचा वास लागलेली वस्तू तोंडाला लावायची नाही, हे माझ्या आईपासून चालत आलेलं. आणि तंगुसाची गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी लागते. सुकी ओढली तर नायलॉन नायलॉनला घासून तापतो आणि गाठ बसल्यासारखी दिसते पण बसत नाही. आम्ही सगळे ती तोंडात धरून थुंकीनं ओली करतो. म्हणून सोमवारी मी दोर विकायचो, गाठ मारून देत नसे. गिऱ्हाइकांनाही हे माहीत होतं.

पण त्या दिवशी नाताळीनबाय म्हणाली, "गाठ मी मारीन, माका येता." आणि मला तिची गाठ नको होती. मला माझी गाठ हवी होती. सात वेढ्यांची, डॉक्टरांकडून शिकलेली, सगळ्या बाजारात मलाच येणारी. एवढा चांगला दोर मी निवडून द्यायचा आणि शेवटी म्हातारीनं साधी गाठ मारायची, हे पटेना. तिनं डब्यातून गरी काढली, सुंगटांच्या वासाची. मी गाठ घातली, तोंडापर्यंत नेली आणि वास आला तसा थांबलो. समोर चहाचा कप होता, कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. हाताला सवय तोंडाची, दुसरं काही सुचलंच नाही. दोन्ही हातांनी जोर लावून सुकीच आवळली आणि म्हटलं, "बाय, आता दोर तुटेल, पण गाठ सुटायची नाही."

बुधवारी दुपारी ती परत आली. दुकानात चार-पाच माणसं होती, सगळी बंदरावरची. तिच्या दोन्ही तळव्यांवर लाल वळ उठले होते. कुणी विचारायची वाट न बघता ती सांगायला लागली. पहाटे गरी लागली. मासा दोनदा उडाला. "एवढो," म्हणून तिनं जमिनीपासून कंबरेपर्यंत हात नेला. अर्धा तास ती त्याच्याबरोबर काठानं पुढे मागे होत होती. दमला, कुशीवर झाला, आणि तेवढ्यात दोर हलका झाला. काठावर दुसरं कुणी नव्हतं. वाडीत सांगितलं तर दाजी म्हणाला, स्वप्नात बघितलास.

"हां घे, तुझो नियम," असं म्हणत तिनं टोक माझ्या हातात दिलं.

टोक कुरळं होतं. तीन वेटोळी, अगदी शिकवण्यासारखी. ते हातात घेतल्याबरोबर मला सोमवार आठवला, सुंगटांचा वास आठवला. बंदरावरची माणसं मान पुढे करून बघत होती, भाऊंचा निकाल ऐकायला. मी टोक मुठीत धरलं आणि म्हणालो, "कल्ल्यानं कापला. मोठाच आहे. पुढचा दोर आणखी जाड हवा."

एवढं खोटं मी धंद्यात कधी बोललो नव्हतो. नाताळीनबायनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं. म्हणाली, "बरां." मी दिलेला जाड दोर पिशवीत घातला आणि एसटीला गेली.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार माझे कसे गेले ते मलाच माहीत. ते टोक मी गल्ल्यात टाकलं होतं, सारखं हाताला लागायचं. मनाला समजावत होतो की जाड दोरानंही मासा लागू शकतो. पण नितळ पाण्यात लागणार नाही हे मीच तिला सोमवारी घसा फोडून सांगितलं होतं. म्हणजे माझा आब राखण्यासाठी मी तिची कोंड बुडवत होतो. दुसरा अर्थ निघत नव्हता.

रविवारी उजाडता उजाडता स्कूटर काढली. तिच्या घराच्या अंगणात शिरलो आणि आधी दिसला तो मी बुधवारी दिलेला जाड दोर. फणसापासून पडवीच्या खांबापर्यंत ताणून बांधलेला, आणि त्यावर झगे, उशीचे अभ्रे, टॉवेल वाळत घातलेले. बुधवारपासून तो पाण्याला लागलाच नव्हता.

नाताळीनबाय डबा घेऊन कोंडीकडे निघालीच होती. मी म्हटलं, "बाय, कल्ल्यानं नव्हता कापला. गाठ सुटली. मी सुकी ओढली होती."

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "डुकरां पाळलंय मी, शेपटी माका कळता."

"मग दुकानात बोलली का नाहीस?"

"चार गिरायकां होती रे. बंदरावयली. तुझ्या शब्दार दोर घेतत ती." ती पायवाट उतरायला लागली होती. "आणि तुझो पयलो दोर सगळो माझ्याकडे होतोच. नवी गरी बांधलंय, माझ्या गाठीन. चल आता, तोंड बंद ठेव. आवाज जाता पाण्यात. आज चर्चात मिसाक पण गेलंय नाय, देवान बगून घेवचां."

मी त्यानंतर अनेक गरवणारे बघितले, काठ्या-रिळांचे, परदेशी टोप्यांचे. नाताळीनबायसारखा हात पुन्हा पाहिला नाही. बोटांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवलेले. दोर पायाजवळ ओल्या गोणपाटावर सैल वेटोळ्यांत अंथरलेला, एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. जिवंत सुंगट शेपटीकडून गरीला लावून तिनं ते फेकलं नाही, खडकावरून पाण्यात उतरवलं. पाणी हललंसुद्धा नाही. मग दोर तर्जनी आणि अंगठ्यात धरून ती बसली. तीन दिवस चोणकानं तोंड लावलं नव्हतं, एकदा टोचलेला मासा शहाणा होतो. ती मात्र रोज पहाटे तेवढीच निवांत बसत होती म्हणे. मी घड्याळ बघत होतो. आठ वाजता दाजी येणार होता.

आठला दहा कमी असताना वरून माणसांचे आवाज आले. दाजी पुढे, हातात पिशवी, मागे सात-आठ पुरुष आणि टोपल्या. त्यांच्याही मागे लांब वरच्या बांधावर बायका उभ्या राहिल्या. दाजी ओरडला, "नाताळीनबाय, झालो तुझो आयतार! सर बाजूक!"

ती हलली नाही. तिचा अंगठा हलला. दोर एक वाव सरकला, थांबला, पुन्हा सरकला. तिनं मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि हात मागे खेचला. आणि कोंडीच्या मधोमध पाणी फुटून तो बाहेर आला. रुपेरी, पाटाएवढा रुंद, तोंड वासलेलं, कल्ले फाकलेले, डोकं असं झटकत की आमच्यापर्यंत शिंतोडे. वर बायका किंचाळल्या. दाजीचं तोंड उघडंच राहिलं.

"सोडूचो, सोडूचो," ती स्वतःशीच म्हणत होती आणि दोर तिच्या बोटांतून सुर सुर जात होता. तो पळाला की ती सोडायची, थबकला की एकेक वीत परत घ्यायची. उडी मारायला लागला की हात खाली करून दोर ढिला द्यायची, म्हणजे झटक्यात जोर राहत नाही. हे मी दुकानात वर्षानुवर्षं तोंडानं सांगत होतो. हातानं केलेलं असं पहिल्यांदाच बघत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

वीस-पंचवीस मिनिटांनी तो काठाकडे यायला लागला आणि तेवढ्यात घात झाला. शेवटच्या धावेत तो बाजूच्या काठावरच्या करंजाच्या मुळांत शिरला. दोर मुळाला अडकला. ती ओढू शकत नव्हती आणि सोडूही शकत नव्हती. ओढला तर केसर निघून तुटणार, सोडला तर मासा आणखी आत जाणार. "कोण तरी जावा रे!" ती ओरडली. मला पोहता येत नाही, मालवणचा असून. मी नुसता हात चोळत उभा.

आणि दाजी गेला. पिशवी दगडावर ठेवली, लुंगी वर खोचली आणि धबाककन कोंडीत. ज्या पाण्यात सुसर आहे म्हणून आठ दिवस त्यानं वाडी घाबरवून ठेवली होती, त्यात तो गळ्यापर्यंत बुडून मुळांत हात घालत होता आणि ओरडत होता, "ढिलो दी, बाय! ढिलो दी! गावलो, शेपटीकडे गावलो!" त्यानं दोर सोडवला, मासा कवटाळला आणि दोघेही गटांगळ्या खात वाळूवर आले.

वरच्या बांधावरून पहिली हसली ती त्याची बायको. "अगो बाई, सुसरीन खाल्ल्यान नाय तुका?" मग सगळ्याच हसायला लागल्या. दाजी छातीशी चोणक धरून बसला होता, त्याच्या दंडावर कल्ल्यानं ओढलेली लाल रेघ, आणि चेहरा असा की रागवावं की मिरवावं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी तोही हसला. दगडावरची पिशवी त्यानं एकाकडे दिली आणि सांगितलं, खाणीवर परत नेऊन दी. बायका हळूहळू खाली उतरल्या. एक पोटरीभर पाण्यात जाऊन उभी राहिली, मग दुसरी. दाजीच्या बायकोनं मुळाशी वाकून बघितलं, तिला आपल्या चादरीची आशा होती.

मासा धुण्याच्या दगडावर ठेवला तेव्हा दाजीनं विचारलं, "बुधवारी खराच लागलेलो तर. मग सुटलो कसो?"

"हात निसटलो माझो," नाताळीनबाय म्हणाली. कोयता शोधत होती, वर बघितलंही नाही.

मी पुढे झालो. म्हटलं, "तिचा हात नाही निसटला. गाठ मी मारली होती, ती सुकी ओढली, ती सुटली. आणि दुकानात चार माणसांसमोर तिला खोटं सांगितलं की माशानं दोर कापला."

दाजीबरोबरच्या दोघांकडे माझ्या दुकानातला दोर होता हे मला ठाऊक होतं. बाजारात ही गोष्ट माझ्याआधी पोचणार हेही ठाऊक होतं, आणि पोचलीच. पुढे कितीतरी महिने गिऱ्हाईक आधी "भाऊ, ओली की सुकी?" विचारायचं आणि मगच दोर घ्यायचं. सोमवारी मी काउंटरवर पाण्याची वाटी ठेवायला लागलो.

त्या दिवशी नाताळीनबायनं मासा कापून वाटे घातले. आमच्याकडे रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ओढली की जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, माणसांचा वेगळा, तसेच. एकेक वाटा केळीच्या पानावर, वाडीतल्या प्रत्येक घरासाठी एक. पाण्यात उतरल्याबद्दल दाजीला दुप्पट. स्वतःला डोकं. मग एक जाड तुकडी पानावर ठेवून तिनं माझ्यापुढे सरकवली.

"ह्यो दोराचो वाटो. तुझो."

मी हात मागे घेतला. म्हटलं, "बाय, मला कसला वाटा? माझ्यामुळे तुझी कोंड जात होती."

तिनं पान उचलून माझ्या हातात दिलं.

"घे रे मेल्या. दोर तुझो बरोच होतो. गाठ तेवढी माझी."